एक गोदाम दोनदा बांधलं

“भिंत आधी. गोदाम पुढच्या जन्मी झालं तरी चालते मले, पण भिंत आधी.”

काटोलचे संत्र्यांचे एक व्यापारी, सगळ्यांचे भाऊ, आमच्या बांधकामाच्या ऑफिसात उभे राहून ओरडून राहिले होते. खोटं वाटेल, पण त्या आवाजानं रस्त्यापलीकडच्या पोहेवाल्याच्या तर्रीत लाटा उठल्या आणि दोन गिऱ्हाइकांचे शर्ट गेले.

त्यांचं म्हणणं जगावेगळं नव्हतं. आमच्या नागपुरात प्लॉटची रजिस्ट्री झाली की माणूस आधी चारी बाजूंनी भिंत घालतो, मग गेट बसवतो, गेटला कुलूप लावतो आणि त्यानंतर निवांत विचार करतो की आत बांधावं काय. भाऊंचा प्लॉट वाडीला, अमरावती रोडवरून आत एका गल्लीत. तिथं त्यांना संत्र्यांचं गोदाम हवं होतं. काटोलच्या बगिच्यात शेजाऱ्यानं त्यांचा तीन फूट बांध गिळला होता, तेव्हापासून शेजारी हा शब्द ऐकला तरी त्यांना ठसका लागायचा.

आमचे मिस्त्री त्यांच्याच बाजूनं. चाळीस वर्षं भिंतीपासूनच सुरुवात केलेला माणूस. तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात धरून ते मान हलवत होते.

मी म्हटलं, “भाऊ, चारी भिंती आधी घातल्या तर लोखंडी तुळया आत कशा येतील? चाळीस फुटी आहेत. कारखान्यातून तयार होऊन ट्रेलरवर येतात, आणि गल्ली तर एवढीशी.”

“येतीन,” मिस्त्री म्हणाले. “आजवर आल्या ना.”

“कशा येतील ते दाखवते. आठवडा द्या. आधी कॉम्प्युटरात बांधून पाहते.”

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी संत्र्याचं झाड कपाटात लावते म्हटलं.

आमचे साहेब वयानं माझ्या पोरासारखे, मला काकू म्हणतात. त्यांनी मला बाजूला घेतलं. “काकू, ते मशीन घेऊन सहा महिने झाले, एक वीट नाही वाचली त्यानं. सोमवारी भाऊंना पटलं तर ठीक. नाही तर मशीन बिलिंगवाल्यांकडे, आणि तुम्ही तुमच्या जुन्या टेबलावर.”

जुनं टेबल म्हणजे जिन्याखालचं. तिथं बसून बावीस वर्षं मी नकाशांच्या रेघा मारल्या. त्या एकाला एक जोडल्या असत्या तर चंद्रावर जाऊन, तिथं चहा घेऊन, वर्धा रोडला परत आल्या असत्या. त्या टेबलावर मला मेले तरी परत जायचं नव्हतं. पन्नाशीला टेकल्यावर, पोरीच्या वयाच्या मास्तरणीपुढं बसून मी हे मॉडेल करायला शिकले होते.

यात गंमत काय ते सांगते. नकाशात भिंत म्हणजे दोन रेघा, आणि आपण भिंत आहोत हे त्या रेघांना बिचाऱ्यांना माहीतच नसतं. मॉडेलमधल्या भिंतीला मात्र सगळं ठाऊक असतं. आपली जाडी किती, विटा किती, पोटातून पाइप जातो की नाही. खांब हातभर सरकवला की त्यावरची तुळई निमूटपणे त्याच्या मागोमाग जाते. माझ्या घरात इतकं कोणी ऐकत नाही. वर प्रत्येक तुकड्याला तारीख लावायची. मग बटण दाबलं की जमीन खणली जाते, पाया भरतो, खांब उठतात, आणि चार महिन्यांचं काम चार मिनिटांत डोळ्यांपुढून जातं. चूक व्हायची असेल तर तिथंच होते, फुकटात.

पण ट्रेलर कसा वळतो हे मला कोण सांगणार? टेप घेऊन वाडीच्या गोदामांकडे गेले आणि उभा होता तो ट्रेलर मोजायला लागले. ड्रायव्हर खाली उतरला. “मॅडम, खरीदना है क्या?”

त्याला चहा पाजला. मग त्यानं विटेच्या तुकड्यानं जमिनीवर दोन कमानी काढल्या. तोंड एका वाटेनं जातं, शेपूट आतली वाट कापतं. तेवढ्यावरून मला जे कळलं ते सगळ्या क्लासात कळलं नव्हतं. आठवडाभर मी जेवले कधी, झोपले कधी, देव जाणे. घरच्यांनी माझा चेहरा विसरू नये म्हणून फोटो भिंतीवर लावला होता.

सोमवारी भाऊ आले. मिस्त्री मुद्दाम पडद्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसले.

मी मॉडेल उघडलं. भाऊ म्हणाले, “हे दुसऱ्याच कोनाच्या बिल्डिंगचं पिक्चर हाय.”

मी चित्र थोडं फिरवलं. प्लॉटच्या कडेचं शेजाऱ्याचं टिनाचं शेड दिसलं, दारातल्या हापशीसकट. भाऊ खुर्चीतून उठले. “हा बैताड इथंबी आला काय?”

“प्रत्यक्ष मोजून घातलाय भाऊ. तुमच्या हद्दीच्या साडेसात इंच बाहेर आहे.”

“बाहेर?”

“बाहेर.”

भाऊ खाली बसले. तिथून पुढं त्यांनी पापणी लववली नाही.

आधी त्यांच्या म्हणण्याप्रमाणं चारी भिंती घातल्या, गेट लावलं आणि ट्रेलर गल्लीत सोडला. वळताना शेपूट गेटच्या खांबात घुसलं, खांब लाल झाला, म्हणजे धडक. पुन्हा घेतला, पुन्हा लाल. भाऊ खुर्चीत एका अंगावर कलले आणि पडद्यातल्या ड्रायव्हरला सांगायला लागले, “मागं घे गा. अजून मागं. अरे, पाहून घे ना.”

ट्रेलर काही शिरला नाही.

मग दुसरा बेत लावला. शेजाऱ्याकडची भिंत सगळ्यात आधी, बाकीच्या दोन मागोमाग. गल्लीकडची भिंत अर्धीच, पन्नास फूट मोकळे ठेवायचे, शेवटची तुळई आत येईपर्यंत. ट्रेलर वळला, आत आला. बांधलेल्या भिंतीपासून शेपूट एक वीत दूर.

“शेजाऱ्याकडची पहिल्याच दिवशी?” भाऊंनी विचारलं.

“पहिल्याच दिवशी.”

“मंग चालते.”

खिडकीकडून मिस्त्री म्हणाले, “कॉम्प्युटरातल्या ड्रायव्हरले झोप येत नाही, बाई. खऱ्याले येते.”

तो टोमणा मी पाया भरेपर्यंत आणि भिंती उठेपर्यंत छातीवर वागवला. सगळ्या तुळया घेऊन ट्रेलर यायचा त्या दिवशी सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी उभी होते. सगळी वाडी लोटली होती; निम्मी गर्दी म्हशींची होती, पण होती. ट्रेलर आला. ड्रायव्हरनं एकदा मागं घेतलं, चाक फिरवलं, आणि ते अजस्र धूड पडद्यावर वळलं होतं तस्संच वळलं. भिंतीच्या टोकापासून शेपूट किती दूर गेलं? मी धावत जाऊन हात लावला. एक वीत.

भाऊंनी जीपमधून संत्र्यांची दोन पोती काढून अख्ख्या गल्लीला वाटली. शेजाऱ्यालाही दिली, मोजून साडेसात. साहेब म्हणाले, “काकू, मशीन तुमचंच. आणि टेबल जिन्याखालून काढून एसीजवळ घेऊ.” त्या क्षणी मला फेटा बांधून हत्तीवरून सीताबर्डीत मिरवलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं.

फक्त मिस्त्री उरले होते. ते एकटेच त्या मोकळ्या पन्नास फुटांपाशी उभे होते. मी सोललेलं संत्रं हातात घेऊन, छाती काढून त्यांच्यासमोर गेले.

“काय म्हणता मिस्त्री?”

त्यांनी खर्रा थुंकला, खिशातून सुताची दोरी काढली आणि म्हणाले, “मंग आता भिंत उभी करू काय?”