नववी काडी

दारव्ह्याला माझ्या भाचीच्या रिसेप्शनला तीन मजली, साखरेच्या लगद्याने मढवलेला फोंडंट केक होता. तो बनवणारी बाई बोरी अरबहून जीपने, डबे मांडीवर सांभाळत आली होती. नवरा-नवरीने सुरी लावली, फोटो निघाले आणि आम्ही प्लेटा घेऊन पुढे सरसावलो. तिने आम्हाला थांबवलं. मजले उतरवून आतल्या आधाराच्या लाकडी काड्या एकेक ओढून काढल्या, पुसून ओळीने मांडल्या.

"नऊ टाकल्या होत्या, आठच निंगाल्या. नववी भेटेपर्यंत कोनालेच केक नाही."

नवरदेवाचे मामा तडकले, "आमी काय पैल्यांदा केक खाऊन राह्यलो? वाढ लवकर!"

"लेकराच्या गळ्यात अटकली तं, काकाजी?"

तिने आवाज चढवला नाही, पण सुरीही सोडली नाही. मीसुद्धा मनातून चिडलोच होतो. खालचा थर बोटभर पट्ट्यांत कापत, प्रत्येक पट्टी दाबून बघत ती पुढे सरकत राहिली. तिनेच घडवलेल्या गुलाबांचा चुरा झाला, तिकडे तिने पाहिलंही नाही. काडी अगदी कडेच्या पट्टीत आडवी सापडली.

मग तिने सगळ्यांना सारखा केक वाढला. मामांनी आपला तुकडा बोटांनी नीट चाचपला आणि मगच नातीला भरवला.