राईला घातलेला वळसा

मी ज्या प्रतिष्ठानासाठी सात वर्षं काम केलं, त्याचं नातं युरोपातल्या एका हिरव्या राजकीय पक्षाशी होतं. हे वाक्य शहापूरच्या बाजारात कुणाला समजावून सांगणं सोपं नव्हतं. खर्डीच्या पुढच्या ठाकूरवाडीत तर पहिल्याच बैठकीत एका म्हातारीने मला अडवलं.

“पक्ष बोललीस ना गो? मंग निशाणी काय?”

मी म्हटलं, निशाणी नाही. इथे ते निवडणूक लढवत नाहीत. आशियातल्या काही देशांत जंगल, पाणी, बायांचे हक्क असल्या कामांना हात देतात, आणि एका देशातल्या गावकऱ्यांना दुसऱ्या देशातल्या गावकऱ्यांची भेट घालून देतात. म्हातारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारणीकडे वळून म्हणाली, “बिगर निशाणीचा पक्ष हाय. मत मागनार नाय, पन येत ऱ्हाईल.”

तिचं खरं ठरलं. मी येतच राहिले.

वाडीचं काम होतं सामूहिक वनहक्काच्या दाव्याचं. वाडीमागचं डोंगराचं रान या लोकांनी पिढ्यान् पिढ्या राखलं होतं, आणि कायद्याने आता ते रान सांभाळायचा हक्क गावाला कागदावर मागता येत होता. त्यासाठी नकाशा लागतो, आणि नकाशासाठी रानाची शीव पायी चालावी लागते. पुढे वाडीची माणसं, मागे हातात जीपीएसचं यंत्र घेऊन मी. माणसं जिथून चालतील तिथून यंत्रात रेघ उमटत जाते. वैशाखात दोन दिवस आम्ही अशी शीव चाललो.

दुसऱ्या दिवशी एका जागी डोंगराच्या धारेवरून सरळ जाणारी वाट सोडून सगळे खाली उतरले, दाट झाडांच्या एका झुबक्याला मोठा वळसा घातला आणि पलीकडून परत वर आले. करवंदीच्या काट्यांत माझी ओढणी फाटली. मी मनातल्या मनात चार शिव्या दिल्या, पण विचारलं काहीच नाही. मला वाटलं, वाटच तशी असेल.

मी मुरबाडकडची, शेतकऱ्याची मुलगी. माझे वडील म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायचे तेव्हा दात बघितल्याशिवाय दावं हातात धरत नसत. मीही स्वतःला तसलीच समजत होते, पारखून घेणारी. त्या तोऱ्यातच मी नकाशा पूर्ण केला, मोठ्या कागदावर छापून आणला आणि वाडीच्या समाजमंदिराच्या भिंतीवर लावला. सगळ्यांनी बघितला, माना डोलावल्या. पावसाळा गेला, ग्रामसभा झाली, दावा प्रांत कचेरीत द्यायचा सोमवार ठरला.

त्याच्या आदल्या आठवड्यात, आश्विनात, पाहुण्या आल्या. प्रतिष्ठानानेच घडवून आणलेली भेट होती. कंबोडियाच्या डोंगराळ मुलखातली एक बाई, पन्नाशी उलटलेली, आणि तिचं बोलणं इंग्रजीत सांगणारी तिची सोबतीण. ती इंग्रजीत सांगणार, मी मराठीत सांगणार. म्हणजे एक वाक्य दोघींच्या हातून जाणार, आणि जाताना किती सांडणार याची मला धास्ती होती.

पण म्हातारीला आमची गरज फारशी लागली नाही. तिने कमरेची पानाची चंची सोडली, पाहुणीने आपल्या पिशवीतून सुपारी काढली. तिच्याकडेही बाया पान खातात. दोघींनी एकमेकींचं पान खाऊन बघितलं, एकमेकींचे लाल दात बघितले आणि खळखळून हसल्या. मग म्हातारीने वेलीवरची गावठी काकडी चिरून तिच्यापुढे ठेवली. मी मध्ये नुसती बसून होते, लग्नातल्या करवलीसारखी.

जेवणानंतर पाहुणी नकाशापुढे उभी राहिली. ती बराच वेळ बघत होती. मग तिने एका जागी बोट ठेवलं. सगळी रेघ धारेने जात होती, तिथे मात्र ती आत वळली होती, भाकरीचा तुकडा मोडून घ्यावा तशी.

सोबतिणीने मला सांगितलं, “ती विचारते, इथे माणसं वळली. तिथे काय आहे?”

मी तोच प्रश्न म्हातारीला विचारला.

“राय हाय,” म्हातारी म्हणाली. “देवाची राय.”

“मग ती दाव्याच्या बाहेर कशी राहिली?”

म्हातारीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी उन्हाला ऊन का म्हणतात असं विचारलं होतं. “दावा म्हंजे आपलं हाय ते मागनं, आसं तूच बोललीस ना? राय आमची कुठं हाय? राय देवाची. देवाचं आपल्या नावावर मागून कोन पाप करील गो?”

सगळ्या वाडीला हे ठाऊक होतं. लपवलं कुणीच नव्हतं. मला ठाऊक नसेल, हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि मी तर पाच महिने रोज तो नकाशा बघत होते. मला भयंकर राग आला. आधी त्यांचा, मग लगेच स्वतःचा. दात न बघताच मी बैल घरी आणला होता.

पाहुणी खाली बसली आणि बोलू लागली. ती थांबली की सोबतीण सांगे, सोबतीण थांबली की मी. “आम्हीही असंच केलं होतं. गावाचं रान कागदावर घातलं, देवाचं रान घातलं नाही. ते आमचं नव्हतं ना. मग ते कोणाच्याच कागदावर नव्हतं. रिकामं म्हणून सरकारने दुसऱ्याला देऊन टाकलं. आता तिथे रबराची झाडं आहेत, एका ओळीत. आमचा देव कुठे गेला, आम्हाला माहीत नाही.”

शेवटचं वाक्य सांगताना मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. म्हातारी मात्र रडली नाही. तिने विचारलं, “देव कुठं गेला, कोनी इचारलं नाय त्याला?”

उत्तर आलं, “त्याच्याशी बोलणारा म्हातारा त्याआधीच वारला होता.”

पाहुण्या दुसऱ्या दिवशी गेल्या. जाताना पाहुणी आणि म्हातारीने पुन्हा एकमेकींना पान दिलं.

मी लगेच लॅपटॉप घेऊन म्हातारीकडे गेले. पडद्यावरची रेघ धरून ओढली, राईच्या पलीकडे नेऊन सोडली. अर्ध्या मिनिटाचं काम. “झाली बघ आजी, आली राई आत.”

ती पडद्याकडे बघून म्हणाली, “पायाखालून नाय गेली ती शीव कसली?” आणि मग बोटांवर मोजत तिने सगळं सांगितलं. अजून देवाला नवं दाखवलेलं नाही. लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचा पहिला तांदूळ राईत वाहिल्याशिवाय राईच्या वरच्या अंगाला कुणी पाय ठेवत नाही. ते आठ दिवसांनी. आणि तेव्हाही आधी कौल लावायचा. देव नको म्हणाला तर नको.

“आजी, सोमवारची तारीख आहे! ही गेली तर पुढची कधी मिळेल, सांगता येत नाही.”

“तू तारखेला भितेस, मी देवाला. ज्याचा त्याचा धनी येगळा.”

मी तणतणत खर्डीला आले. स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहा घेतला, तो गार झाला, आणि तिथेच बसून मी प्रतिष्ठानाच्या दिल्लीच्या ऑफिसला पत्र लिहिलं की दावा पुढे ढकलतेय. कारण काय लिहावं हे सुचेना. शेवटी खरं तेच लिहिलं: देवाची परवानगी यायची आहे. उलट आलेलं उत्तर एका ओळीचं होतं. थांबा, म्हणाले. मी त्यांच्याबद्दल एरवी पुष्कळ कुरकुर केली आहे, त्यांच्या कार्यशाळांतल्या रंगीत चिठ्ठ्यांबद्दल आणि लांबलचक तक्त्यांबद्दल. पण ती एक ओळ मी विसरलेले नाही.

आठ दिवसांनी आम्ही राईत गेलो. चपला खाली बांधावर काढल्या. आत गारवा होता आणि शेंदूर लावलेला एक दगड होता. वाडीच्या भगताने त्या दगडावर पाणी शिंपडलं आणि डावीकडे एक, उजवीकडे एक असा तांदळाचा दाणा चिकटवला. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. गाऱ्हाणं मात्र म्हातारीने घातलं.

“देवा, तुला आमच्या नावावर करत नाय. आमाला तुझ्या राखनीवर लिवतो. कागदावर येतोस काय?”

माझा कौलावर विश्वास नाही. तरी सांगते, त्या उजव्या दाण्याला मी मनातल्या मनात ‘पड, पड’ म्हणत होते. डावा पडला असता तर वाडीने राई बाहेरच ठेवली असती, आणि मी काहीही करू शकले नसते. दाणे बराच वेळ हलले नाहीत. मग उजवा घरंगळला.

म्हातारीने नव्या भाताची दोन पानं वाढली. एक देवापुढे ठेवलं. दुसरं घेऊन ती चार पावलं बाजूला गेली. तिथे ओढ्यातला एक गुळगुळीत दगड उभा केलेला होता, तो मी आधी बघितलाच नव्हता. त्याला शेंदूर नव्हता. तिने ते पान त्याच्यापुढे ठेवलं.

“हा कुणाचा, आजी?”

“तिच्या देवाचा. घर गेलंय ना त्याचं. राय मोठी हाय, दोघांना पुरंल.”

मग आम्ही राईच्या वरच्या अंगाने धारेवरून चाललो. या वेळी यंत्र म्हातारीच्या हातात होतं आणि मी मागे होते. पडद्यावर रेघ उमटत गेली आणि राई आत आली. त्या वर्षीच्या अहवालात ‘भेटीचं फलित’ असा रकाना होता. त्यात मी ‘नकाशा दुरुस्त केला’ एवढंच लिहिलं, कारण बाकीचं त्या रकान्यात मावणारं नव्हतं.

दावा मंजूर व्हायला दोन वर्षं गेली. तोवर माझं प्रतिष्ठानातलं काम संपत आलं होतं. कागद वाडीत आला तेव्हा मी मुद्दाम गेले. पुन्हा आश्विनच होता, नव्याचा दिवस. म्हातारीला आता कमी दिसत होतं. तिने माझं बोट धरून नकाशावर राई कुठे ते दाखवायला लावलं आणि त्या जागेवर स्वतःचं बोट बराच वेळ ठेवलं.

“आनि तिचा?” तिने विचारलं. “तिच्या देवाचा कागद आला काय?”

मी त्या पाहुणीच्या सोबतिणीला मधून मधून पत्र लिहीत असे. शेवटचं उत्तर महिन्यापूर्वीच आलं होतं. रबराची झाडं तिथेच होती.

“नाय आजी,” मी म्हटलं. “नाय आला.”

म्हातारीने कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. मग भाताच्या टोपल्याकडे हात लांबवून तिने चाचपून दुसरं पान घेतलं.

“मंग ऱ्हाऊ दे त्याला हितंच,” ती म्हणाली आणि त्या पानावर भात वाढू लागली.