टाकीच्या झाकणाचं भोक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं त्या प्रज्ञाला, माझ्या धाकट्या बहिणीला, तर नाहीच. तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — नाही, कारण शोधत बसलो की मी परत गप्प होईन. माझी सवय मला माहीत आहे.

गोष्ट एका मोटारसायकलीची आहे. आणि खरं सांगू? गोष्ट आनंदाचीच आहे. तोच तर घोळ आहे. आमच्या घरात इतकं हसू दुसऱ्या कशानं आलं नाही.

मी नववीतून शाळा सोडली. टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावात बोअर पाडायला तामिळनाडूची गाडी आली होती, तिच्यावर चढलो आणि गेलो. आता तिकडेच एका वर्कशॉपात बोअरच्या गाड्यांचे कॉम्प्रेसर खोलतो, जोडतो. भाषा आली, भात अंगी लागला, मालक चांगला मिळाला. तक्रार नाही, उपकारच आहेत सगळ्यांचे. पण घरून फोन आला की अजून हातातला पाना टाकून धावतो, आणि चार दिवस आला नाही की पान्यापेक्षा फोनच जास्त वेळ हातात असतो. आपल्यावाचून त्यांचं बरं चाललं असेल का? आणि — हे लिहायला लाज वाटते — बरं चाललं असेल तर?

बाबा ज्यांचा ट्रॅक्टर चालवायचे, त्यांच्या मुलानं कधीकाळी मातीतल्या शर्यतीसाठी एक गाडी आणली होती. जुनी, टू-स्ट्रोक, उंच, सायलेन्सर मांडीपाशी, टायरला अंगठ्याएवढ्या गोट्या. मुलाचा शौक संपला आणि गाडी कडब्याखाली गेली. एका दिवाळीच्या आधी ते मालक बाबांना म्हणाले, घेऊन जा, जागा अडते. बाबांनी ती ट्रॉलीत घालून घरी आणली आणि मला फोन केला. "सुमेध, ये बाबा. तुझ्या हाताचं काम आलंय."

तुझ्या हाताचं काम! हे तीन शब्द मी रेल्वेत रस्ताभर चघळत आलो.

काय दिवस होते ते! टाकी आतून गंजलेली होती. बाबांनी तिच्यात बारीक खडी आणि डिझेल घातलं, टाकी गोधडीत गुंडाळली, आणि हलवायचं काम आईला दिलं. आई टाकी कडेवर घेऊन अंगणभर खळखळ करत फिरत होती. मंठ्याचे मामा दर दिवाळीला मदतीला म्हणून येतात आणि बाजेवरून उठत नाहीत. ते तिथूनच ओरडले, "अक्का, झोपलं का गं लेकरू?"

"तुझ्यापेक्षा शानं हाये," आई म्हणाली. "हालवलं तर हालतं तरी."

टाकी धुऊन बाबांनी झाकणासकट रंगवली. कार्बोरेटर प्रज्ञानं घेतला. घेतला म्हणजे काय, कुणाला हात लावू दिला नाही. जेवणाच्या ताटात एकेक पार्ट काढला त्याच क्रमानं मांडला, वायरीतली एक तार सोलून पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं बारीक भोक साफ केलं, फुंकलं, उजेडाकडं धरून डोळा लावला. मी तिला एकदाच दाखवलं होतं. एकदाच! आमच्या वर्कशॉपात वर्षभर शिकणाऱ्या पोरांना जे जमत नाही ते ती मामांच्या टोमण्यांना उत्तरं देत देत करत होती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकीत ओतलं, बाबांनी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. आणि मग असा आवाज आणि असा निळा धूर, की शेजारच्या कोंबड्या थेट पत्र्यावर.

माळावर नेली तर उड्या मारत पळायची, म्हणून नाव पडलं बकरी. बाबांनी फिरवली, मी फिरवली, प्रज्ञानं फिरवली. आई तर मागं बसून गावातून अशी निघाली की निवडून आली असावी — याला जयभीम, त्याला जयभीम. मामासुद्धा बाजेवरून उठले. एवढं पुरे आहे ना, किती आनंद झाला ते कळायला?

संध्याकाळी बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं बाबा. गाडी झाली. आता तुला इतक्या लांबून यायची तकलीफ न्हाई."

मायेनंच बोलले. मुलाचे रेल्वेतले हाल वाचावेत, एवढाच अर्थ. मला काय ऐकू आलं? — तुझं काम संपलं.

सकाळी मला निघायचं होतं. सगळे चहाला बसले होते. मी बकरीपाशी गेलो. तुम्हाला कदाचित माहीत नसेल, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी वरून हवा आत यावी लागते, म्हणून. ते बुजलं तर गाडी चालू होते, थोडी पळते, आणि मग पेट्रोल उतरायचं थांबून गप्प बंद पडते. थोडा वेळ उभी केली, झाकण उघडून पाहिलं, की पुन्हा चालू. भल्याभल्यांना हा दोष सापडत नाही. मला माहीत होता. पिशवीत इंजिनाच्या सांध्यातून तेल गळू नये म्हणून गॅस्केटला लावायची काळी पेस्ट होती. बोटावर मसुराएवढी घेतली आणि झाकणाच्या आतल्या बाजूनं त्या भोकात दाबली. बोट पँटला पुसलं आणि चहाला जाऊन बसलो.

मी वर्कशॉपात पोचलो तोवर फोन आलाच. "बकरी तळ्याच्या बांधापाशी बंद पडून राह्यली रे. कधी येतो?" कधी येतो! मी कोपऱ्यात जाऊन हसलो. हसलोच.

मग ते तसंच सुरू झालं. मी यायचो, पुन्हा ताट मांडलं जायचं, पुन्हा मामांची बाज, पुन्हा सगळं अंगण. झाकण प्रत्येक वेळी माझ्या हातात यायचं; मी ते पुसायचो आणि तसंच लावायचो. बकरी बांधापर्यंत जायची आणि सगळे मिळून तिला ढकलत आणायचे, हसून हसून दम लागायचा. टेंभुर्णीच्या मिस्त्रीनं त्याच्या दारात चालवून पाहिली, बराबर पळाली. तो म्हणाला, बाकी काही न्हाई, कार्बोरेटरात कचरा असंन.

कार्बोरेटर कुणाचा? प्रज्ञाचा.

मामांना तेवढंच पाहिजे होतं. घरात भात करपला तरी म्हणायचे, "गॅसचा कार्बोरेटर पन प्रज्ञानं साफ केल्ता का?" सगळे हसायचे, तीही हसायची. तिला आयटीआयला मोटर मेकॅनिकला जायचं होतं. पहिल्या दिवाळीपासून ती तेच बोलत होती. प्रवेशाची वेळ आली तेव्हा तिनं शिवणकाम घेतलं. मला फोनवर म्हणाली, "जाऊ दे दादा. माझ्या हाताला इंजिन लागू न्हाई."

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी काय बोललो माहीत आहे? मी म्हणालो, "असतं एखाद्याचं."

भोक बुजवलं ते पोरकटपणानं, असं कुणी म्हणेल. पण हे वाक्य मी शांत डोक्यानं, खुर्चीवर बसून, चहा पीत बोललो.

गेल्या उन्हाळ्यात प्रज्ञा आईला मागं घेऊन निघाली. बकरी बांधापाशी बंद पडली. एरवी सगळे घोळक्यानं असायचे, आरडाओरडा असायचा. त्या दिवशी दोघीच. आई म्हणाली, पेट्रोल तर हाये ना बघ. प्रज्ञानं झाकण फिरवलं आणि तिला हवा आत ओढल्याचा आवाज ऐकू आला — फुस्स. ती थांबली. झाकण लावलं, गाडी चालू करून थोडी पळवली, बंद पडल्यावर पुन्हा उघडलं. फुस्स. मग झाकण सैल ठेवून, त्यावर ओढणी गुंडाळून, ती आईला घेऊन थेट टेंभुर्णीला गेली आणि परत आली. कुठंच बंद पडली नाही.

मला व्हिडिओ कॉल आला तेव्हा सगळे एकदम बोलत होते. बाबा डोक्याला हात लावून हसत होते. "मीच टाकी रंगवली ना! रंगानं बुजवलं असंन मी. इतके साल पोरीला बोल लावले मी!" प्रज्ञा सुईनं कोरलेला काळा कण बोटावर धरून कॅमेऱ्याला दाखवत होती. टाकीचा रंग लाल आहे. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी म्हणालो, "वा!"

आणि मग बाबा म्हणाले, "आता चालू झाली, तर ये. बसायला ये की!"

काही मोडलेलं नसताना मला बोलावलं. म्हणजे पहिल्यापासून — पण ते असो.

मी गेलो. प्रज्ञाच्या मागं बसलो आणि ती मला माळभर उडवत राहिली. तोंडात माती, डोळ्यांत पाणी, आणि आम्ही दोघं लहान असल्यासारखे ओरडत होतो. इतका सुखी मी कधीच नव्हतो. बांधावर तिनं गाडी उभी केली आणि विचारलं, "दादा, तू तर रोज मशिनी खोलतो. तुला कसं गं न्हाई सापडलं?" ती मला चिडवायला 'गं' म्हणते.

मी म्हणालो, "मला काय म्हाईत."

ती अजून ब्लाउज शिवते, चांगले शिवते. बाबा अजून पाहुण्यांना सांगतात की भोक त्यांच्या हातून बुजलं.

पेस्ट मी लावली होती. तिनं साफ केलेला कार्बोरेटर पहिल्या दिवशीच बरोबर होता, आणि हे त्याच दिवशी मला माहीत होतं.