साडूंची तिसरी बोट

आमच्या थोरल्या साडूंइतका संथ माणूस अख्ख्या डहाणू तालुक्यात सापडायचा नाही, आणि सुसाट पळणाऱ्या बोटी बांधायचं वेड नेमकं त्यांनाच लागावं, ही देवाची गंमतच म्हणायची. बोर्डीहून डहाणू रोडच्या आपल्या वर्कशॉपला ते स्कूटरवरून जात, तेव्हा सायकलवाले मागून घंटी वाजवत. पण बोटीचा विषय निघाला की गृहस्थांच्या अंगात वारं संचारे. चारोटीच्या एका लग्नात त्यांनी मला ताटातच बोटीचं शास्त्र शिकवलं. पुरी तिरकी धरली, आमरसाच्या वाटीवरून सपकन फिरवली आणि म्हणाले, "पाणी कापत जाते ती होडी. आपल्याला पाण्यावर चढायचंय. नुसती शेपटी टेकली पाहिजे, बस्स!" वाटी आडवी झाली आणि रस नवरदेवाच्या काकांच्या पांढऱ्या सफारीवर उडाला. साडूंनी दिलगिरी वगैरे काही व्यक्त केली नाही. रस किती लांब गेला, तेच ते पाहत राहिले.

चिकूच्या वाडीत पत्र्याची शेड घालून त्यांनी बोटींचा वेगळा कारखाना थाटला होता. पहिली बोट बेडकासारखी उड्या मारत गेली, दुसरी वळायचं म्हटलं की कलंडायची. दोष वजनाचा, असा निकाल साडूंनी दिला आणि तेव्हापासून हा माणूस वजनाचा वैरी झाला. फायबरच्या थरात रेझिन जास्त झालं की खरवडून काढ. स्टिअरिंगला भोकं, कड्यांना भोकं, सीटच्या पायांना भोकं. स्वयंपाकघरातला झारा आणि त्यांची बोट यांत फारसा फरक उरला नव्हता. तळ घासून झाला की डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवत बसत. ताई, म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेव्हणी, एकदा म्हणाली, "मला ताप होता, तेव्हा कपाळावरून एवढा हात नाही फिरला यांचा." साडूंनी ते ऐकलं आणि तिच्याकडे पॉलिश पेपर मागितला.

तिसरी बोट अर्धी झाली आणि साडूंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धक्के कायमचे बंद केले. साडूंनी घासाघीस करून एक फेरी पदरात पाडून घेतली, तीही शांत समुद्रात. बोट चढली तर त्या फेरीत, नाहीतर या जन्मात नाही.

बोट पुरी झाली आणि भरती साधून ट्रॉलीवरून बोर्डीच्या किनाऱ्यावर आली. पण आमच्या सासरचा रिवाज असा, की घरात नवं वाहन आलं की पहिल्यांदा सासूबाई बसणार. त्या ट्रॅक्टरवरही बसल्या होत्या. नारळ, पूजेचं ताट, पेढ्यांचा डबा आणि छत्री घेऊन त्यांनी बोटीत भक्कम आसन मांडलं. ज्याने बिजागरीलाही भोक पाडलं होतं, तो माणूस हात जोडून उभा! नाही म्हणायची हिंमत झाली नाही. "जावईबापू, सावकाश हं," सासूबाई म्हणाल्या. बोट नाक वर करून, शेपूट पाण्यात रुतवून नांगरटीला निघाल्यासारखी गेली आणि आली. सासूबाईंनी उतरताना प्रशस्तिपत्र दिलं, "छान आहे हो. धक्का म्हणून नाही!" आम्ही पोट धरून हसलो. साडू हसले नाहीत. त्यांची एकुलती एक फेरी संपली होती.

तेवढ्यात ताई साडी खोचून पाण्यात शिरली. "आईची फेरी देवाची झाली. तुमची राहिलीय. डॉक्टरांना मी सांगते काय सांगायचं ते."

साडूंनी बाजूची सीट तळहाताने पुसली. मग म्हणाले, "तूपण बस."

"माझं वजन?"

"बस गं."

भरती ओसरू लागली होती. इंजिन गरजलं, नाक उचललं गेलं, पुन्हा खाली आलं आणि बोट सबंध पाण्यावर चढली. तळाखालून उजेड दिसला. शेपटी तेवढी टेकलेली. मी काय ओरडत होतो ते माझं मलाच कळत नव्हतं. जरासं अंतर गेली असेल नसेल, साडूंनी वेग उतरवला आणि उथळ पाण्यात येऊन इंजिन बंद केलं.

आम्ही हाका मारल्या, पण कोणी उतरेना. बोर्डीचा समुद्र ओहोटीला फार लांब जातो. हळूहळू बोटीखालचं पाणी निघून गेलं आणि ती ओल्या वाळूवर टेकली, तरी दोघं शेजारी शेजारी तशीच बसून, समोर बघत. उतरलं की संपलं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यांचा हेवाही वाटला. ट्रॉली घेऊन निघालेल्यांना मी म्हटलं, अजून जरा थांबू या.