हळद आणि काळी टेप

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी काळाचौकीत कुणाच्या घरी जाऊ नये. दार उघडायला कुणी उठणार नाही. अख्खी चाळ आडवी असते. कानात गुलाल, घसे बसलेले, पायांचे तुकडे पडलेले. त्या दिवशी भरदुपारी कुणी मेल्यासारखा झोपला असेल तर कुणालाच नवल वाटत नाही. ह्याच एका गोष्टीने माझ्या काकाचा जीव घेतला असता. आजही सांगताना डोकं तापतं माझं. तापू दे. रागातच सांगते.

माझा काका दत्ताराम. दादरकडच्या नाटकांचे लाइट्स करतो. स्टेजवर नट रडत असतो तेव्हा त्याच्या तोंडावर बरोबर तेवढाच उजेड पाडणारा माणूस म्हणजे आमचा काका. चाळीत कुणाचा पंखा बंद पडला, मिक्सर जळला, की "दत्ताराम खंय हा?" नाही म्हणणं त्याला जमतच नाही. आणि मंडळाचं लाइटिंग तर त्याच्या हक्काचं. दुसऱ्याने वायरीला हात लावला तर जेवणार नाही. शुगर जुनी. सकाळी गोळी घेतो आणि वर पेढा खातो, म्हणतो फिटंफाट झाली. बाबा गेल्यावर मला नर्सिंगला घालणारा हाच. मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे आणि माझ्याच घरात हा असला पेशंट. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

एका वर्षी सुमतीकाकू न्यूमोनियाने अगदी जायची वेळ आली होती. काका बाप्पाला नवस बोलला: सुमती बरी होऊ दे, पाद्यपूजनापासून विसर्जनापर्यंत मी पायात चप्पल घालणार नाही, जिवंत असेपर्यंत. काकू बरी झाली. झाली ती इंजेक्शनांनी, पण श्रेय सगळं चपलेला. तेव्हापासून दरवर्षी मूर्तीच्या पावलांची पूजा झाली की काकाच्या चपला माळ्यावर. भर पावसात, चिखलात, लोखंडी पत्र्यांवर हा बाबा अनवाणी. शुगरवाल्याने पाय तळहातावरच्या फोडासारखे जपायचे असतात हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल! तो हसायचा आणि म्हणायचा, "बाप्पा बघून घेयत."

त्या वर्षी मंडपात फळीतून वर आलेला स्क्रू त्याच्या तळव्यात घुसला. त्याला कळलंच नाही. कळणार कसं? शुगरने पाय बधिर झालेला. फरशीवर रक्ताचे ठसे बघून वैभव ओरडला तेव्हा कळलं. हा वैभव म्हणजे काकाचा चेला. तिशीचा घोडा, टेम्पो चालवतो, आणि काकाचं बघून दोन वर्षं तोही अनवाणी. ह्या दोघा शहाण्यांनी काय केलं, तर जखमेत हळद कोंबली आणि वरून काकाच्या खिशातली वायरीची काळी टेप गुंडाळली. दोघेही खूश. अरे, देवाच्या पावलांना गंगाजल, दूध, चंदन. आणि माणसाच्या पायाला वायरीची टेप!

मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. विसर्जनाच्या सकाळी मी ड्युटीला निघाले होते, तर हा लंगडताना दिसला.

"काका, पाय दाखव."

"काय नाय गो. विसर्जन होवंदे, मगे बघूया."

"आत्ता दाखव म्हणते ना!" मी त्याचा शर्टच पकडला. तेवढ्यात ढोल सुरू झाले, पोरांनी त्याला हाक मारली, आणि हा सटकला गर्दीत. मी काकूला फोन करून सांगितलं, रात्री आला की पाय बघ. रात्री कुठला येतोय! तो दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर आला, तोही वैभवच्या खांद्यावर.

त्याच दुपारी माझी सकाळची ड्युटी संपत होती तेव्हा काकूचा फोन. काका फार थकलाय, गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये डॉक्टर विक्रांतने सलाइन लावलंय, काळजीचं काही नाही, तू आरामात ये. आरामात! मी टॅक्सी पकडली.

नर्सिंग होममध्ये ओळीने सगळे विसर्जनवाले. कुणाला चक्कर, कुणाचा पाय मुरगळलेला, सगळ्यांच्या हाताला सलाइन. काकाच्या कॉटचा पडदा ओढलेला. बाहेर वैभव तोंडावर बोट ठेवून बसलेला, जसं काही आत तान्हं बाळ निजलंय.

"शू! आवाज नको ताई. काका झोपलाय."

काकू पण तशीच. "गप गो! सकाळपासून निजलो हा. निजांदे त्याका."

मी पडदा सारला. झोपलेला माणूस असा श्वास घेतो? धावत आल्यासारखा त्याचा भाता चालला होता. हात थंडगार. गुडघ्यांवर निळसर चट्टे. मी हलवलं तर डोळे अर्धे उघडून म्हणाला, "तो डावीकडचो लाइट कमी कर." खोलीत लाइटच नव्हता.

डॉक्टर विक्रांत आला. आमच्याच बाजूच्या चाळीतला पोरगा, मंडळाचा सल्लागार, आदल्या रात्री मिरवणुकीत हाही होता. डोळे लाल.

"ताप नाहीये दर्शना. बीपी जरा लो आहे. रात्रभर पाणी न पिता नाचलेत, दुसरं काय?"

"सकाळपासून सलाइन चाललंय ना? बीपी वाढलं का?"

तो बीपीचा कागद चाळायला लागला.

"लघवी झाली का ह्याला?"

उत्तर काकूने दिलं. "निजलेल्या माणसाक कशी लागतली?"

मी काकाच्या पायावरची चादर ओढली. टेप तशीच होती. तिच्यावर गुलाल बसलेला, चिखल बसलेला. मी ती कापली आणि खोलीत जो वास सुटला, बाजूचा पेशंट उठून बसला. आतली हळद काळी पडलेली. तळवा सुजून फुटायला आलेला आणि लाली पार पोटरीपर्यंत चढलेली.

"हा थकवा आहे? हा थकवा आहे का रे?" मी एवढ्या जोरात ओरडले की खाली गल्लीत ऐकू गेलं असेल. "झोपलाय म्हणे! मरायला टेकलाय तो, आणि तुम्ही पडदे कसले ओढताय? पाळणा म्हणा आता!"

काकूला काही कळेना. मग मी तिला सांगितलं, तेही ओरडूनच. पायातलं विष रक्तात उतरलंय. त्याच्याशी मारामारी करायला सगळं अंग पेटून उठतं आणि त्या मारामारीत स्वतःचंच घर मोडतं. बीपी पडतं, लघवी बंद होते, माणूस बरळतो, पेंगतो. ताप असायलाच पाहिजे असं नाही, कधी उलट अंग थंड पडतं. ह्याला सेप्सिस म्हणतात, आणि ह्यात एकेक तास वाया घालवणं म्हणजे माणसाला हाताने ढकलणं.

विक्रांत पांढराफटक पडला होता. पण खोटं कशाला बोलू, पोरगा वाईट नाही. एक शब्द उलट बोलला नाही. तपासणीसाठी रक्त काढून घेतलं, लगेच शिरेतून जोरदार अँटिबायोटिक सुरू केलं, ऑक्सिजन लावला, दुसऱ्या हाताला सलाइन भराभर सोडलं आणि स्वतःच आमच्या हॉस्पिटलला फोन करून बेड अडवला. जो थकवा त्याच्या स्वतःच्या अंगात होता तोच त्याला समोरच्या माणसात दिसला, एवढीच त्याची चूक. एवढीच! ह्या एवढ्याशा चुकीने माणसं स्मशानात जातात.

आयसीयूत डॉक्टर श्रेयाने सूत्रं हातात घेतली. सलाइन भरपूर जाऊनही बीपी उभं राहीना. हा सेप्टिक शॉक. मग बीपी धरून ठेवणारं औषध मानेच्या शिरेतून थेंबथेंब सुरू केलं. किडनी रुसलेली होती. सर्जन म्हणाले, मूळ पायात आहे. पाय ठेवला तर माणूस जाईल.

ऑपरेशनच्या कागदावर सही करताना काकूने माझा हात घट्ट धरला. "माझ्यासाठी नवस केल्यान. माझ्यापायी त्याचो पाय गेलो गो." मला तिचाही राग आला आणि तिला जवळ घेऊन मी रडलेही. दोन्ही एकदम.

डावा पाय गुडघ्याखाली गेला. काका राहिला. श्वासाची नळी काढल्यावर, घसा बसलेला, पहिला प्रश्न काय विचारला असेल त्याने?

"विसर्जन नीट झालां?"

"झालं," मी म्हटलं. "तुझंच तेवढं राहिलं होतं."

त्याने डोळे मिटले. नंतर कितीतरी दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. पायाबद्दल तर कुणाशीच नाही.

पुढच्या वर्षी पाद्यपूजनाला मंडळाने काय काढावं? काकाचा सत्कार! बॅनर लागला: अनवाणी निष्ठेला मानाचा मुजरा. त्यावर काकाचा जुना फोटो, दोन्ही पायांचा. मी म्हटलं, फाडते तो बॅनर. काकूने अडवलं. काका गेला. कुबडी घेऊन, उरलेल्या पायात नवी कोरी चप्पल घालून. शाल घातली, नारळ दिला, माइक हातात दिला. खाली कार्यकर्ते बसलेले, सगळे पूजेच्या आधीपासूनच अनवाणी. आधी दोघं होते, आता डझनभर. काकाचं बघून.

"माका भाषण येणा नाय," काका म्हणाला. "ज्या पायाचो सत्कार करतास, तो हॉस्पिटलात ऱ्हवलो. सगळ्यांनी पाय वर करा. तळवे दाखवा."

लोक हसले. मग बघितलं की तो हसत नाहीये, आणि एकेक करून पाय वर झाले. वैभवने मांडी मोडली नाही.

"वैभव. उठ. हंय ये."

वैभव आला, पण एक पाय टाचेवर टेकत.

"दर्शना, बघ."

मी खाली बसून त्याचा पाय उचलला. तळव्याला काळी टेप होती.

"काही नाही ताई, मंडपाचा खिळा लागला," तो काकाकडे बघत हसला. "पूजा होऊ दे काका, मग बघू ना."

काकाने कुबडी टाकली आणि त्याच्या कानाखाली जाळ काढला. आयुष्यात त्याने कुणावर हात उगारलेला मी पाहिला नव्हता. तोल गेला त्याचा, माइक खाली पडला, भटजी ताम्हण घेऊन तसेच उभे. वैभवच्याच खांद्याला धरून काका कसाबसा उभा राहिला आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असा ओरडला, "गेल्या वर्षी ह्याच बोललंय मी, मेल्या! ह्याच!"

मी टेपचं टोक शोधलं आणि ओढलं. खाली हळद होती.