चादरींचं एकपंखी विमान

आमच्या घरात आजवर विमान फक्त मी उडवलं आहे, आणि तेही भांडता भांडता.

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात. आमच्या ह्यांनी विमान करायला घेतलं. तेही शंभर वर्षांपूर्वीच्या धाटणीचं: बांबूचा सांगाडा, सायकलची चाकं, वर एकच आडवा पंख आणि वळताना तो पिळायला तारा. इंजिन नाही. माझ्या दिराच्या टेम्पोला दोर बांधून किहीमच्या वाळूवर पळवायचं.

मी चालवून घेतलं. पण त्या शनिवारी आम्ही भाड्यानं देतो त्या खोल्यांत मुंबईचे पाहुणे आले, मी कपाट उघडलं, तर एकही चादर नाही. तशीच तणतणत किनाऱ्यावर गेले. (पाहुणेही मागोमाग. नुसत्या गादीवर बसून काय करणार?) पंखावर माझ्या चादरींची निळी फुलं फुलली होती.

“अहो, काढा त्या चादरी.”

“खळ लावलीय गं, आता निघायच्या नाहीत. आणि हे उडतही नाहीये. शेपूट जड पडतंय.”

माझं डोकं फिरलं. मी सरळ त्या विमानाच्या पुढच्या बैठकीवर जाऊन बसले.

“चादरी मिळेपर्यंत उठणार नाही. कोणी हात तर लावून बघा,” असं म्हणत मी हात वर केला.

हात वर झाला की टेम्पो सोडायचा, असं दोघा भावांचं ठरलेलं. दिराला आरशात फक्त हात दिसला.

मी भांडतच होते, आणि खालचा चाकांचा खडखडाट एकदम थांबला. वाळू खाली राहिली. हे मागून धावत होते.

“समोरचा दांडा पुढे ढकल, पुढे!”

“माझ्यावर ओरडू नका,” म्हणत मी तो रागानं मागे ओढला. विमान वर गेलं, थबकलं आणि गुडघाभर पाण्यात आपटलं. पंख मोडला, माझं कोपर सोलवटलं.

दीर धापा टाकत आला. “वहिनी, तुम्ही होतात व्हय आत?”

हे आले ते डोळे पुसत. मला वाटलं, काळजीनं.

“उडालं गं! मी हलका पडत होतो. तुझ्या वजनानं तोल बरोबर जमला.”

पाहुण्यांनी विचारलं, “पुढची फेरी कधी?”

आता दुसरं विमान चाललंय, माझ्या वजनाच्या मापानं. हे रोज माझ्या भातावर तुपाची जास्तीची धार धरतात. मी अजून त्यांच्याशी धड बोलत नाही.

तूप मात्र घेते.