दहा पावलं मागे

आमच्या आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, गोठ्यात बाहेरची चप्पल गेली की चप्पल आणि ती घालणारं माणूस, दोघांचंही काही खरं नसायचं. फाटकाच्या आत चुन्याची रेघ. ती ओलांडायची तर गोठ्यातले गमबूट घालायचे, औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे, हात धुवायचे. दूध संघाचा साहेबसुद्धा एका पायावर नाचत बूट बदलताना मी पाहिलाय. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी नवी सँडल घालून चहा द्यायला निघाले, तर सगळ्या गड्यांसमोर म्हणाल्या, "तिथेच थांब. दहा पावलं मागे." पुढे महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. का बोलू?

चार गाईंवरून त्या बेचाळीसवर आल्या त्या याच कडकपणावर, हे मला नंतर कळलं. मोकळा गोठा, मशीनवर दूध काढणं, प्रत्येक गाईच्या गळ्यात पट्टा आणि कोण किती रवंथ करतंय ते मोबाइलवर. शाळा सातवीपर्यंत, पण तो आलेख असा वाचायच्या की डॉक्टरच त्यांना विचारायचे, "तुम्हाला काय वाटतं?" आजारपण कमी झालं, दूध वाढलं, गोठा फायद्यात आला.

एका सकाळी त्यांचे धाकटे भाऊ, आमचे मामा, मोटरसायकलवर आले. त्यांच्याकडे नऊ गाई. शर्टाची बाही ओली होती.

"अक्का, गाई लाळ गाळतायत, पाय टेकवत नाहीत. डॉक्टर म्हणतात लाळ्या खुरकूत. तू चल." बोलता बोलता त्यांनी फाटक ढकललंसुद्धा.

हा रोग कपड्यांवरून येतो, चाकांवरून येतो, हातांवरूनही येतो. आमच्या गाईंना लस टोचून पाचच दिवस झाले होते आणि ती लागू पडायला दोन आठवडे तरी लागतात.

"तिथेच थांब," आई म्हणाल्या. "दहा पावलं मागे."

"अक्का, मी आहे."

"कळलं. मागे हो."

मामा मागे सरकले. आईंची नजर चुन्याच्या रेघेवर होती, ती वर आलीच नाही. मामांनी गाडी वळवली आणि निघून गेले.

आई पालथ्या बादलीवर बसून राहिल्या. मग उठल्या, दोन जुनी लुगडी पिशवीत कोंबली आणि चाव्या नि मोबाइल माझ्या हातात दिला. "त्याला आत घेता येत नाही, पण मला बाहेर जाता येतं. गोठा तू बघ." मी हूं की चूं करायच्या आत त्या रस्त्याला लागल्या होत्या.

पाच दिवस माझा जीव टांगणीला. नवरा दुधाच्या गाडीवर गावोगाव फिरणारा, म्हणून त्यालाही मी रेघेबाहेर ठेवला, बिचारा फाटकाबाहेरच्या पंपाच्या खोलीत झोपला. तिसऱ्या दिवशी सतरा नंबरच्या गाईचा रवंथ एकदम खाली आला. मी थर्मामीटर घेऊन धावले, तिचं तोंड उघडून जीभ पाहिली, खूर पाहिले. डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं तर ते हसायला लागले. बाई माजावर आल्या होत्या. मी तिथेच गव्हाणीला टेकून रडले, रागाने की सुटकेने, देव जाणे.

सहाव्या दिवशी भर दुपारी आई आल्या. डोळे खोल गेलेले, लुगड्यावर वाळलेले डाग. मामांच्या नऊपैकी सात गाई वाचल्या होत्या, दोन गाई आणि दोन वासरं गेली होती. सांगता सांगता त्यांनी फाटकाच्या कडीला हात घातला.

"कडी काढ गं. हातपाय धुऊन आलेय. घटकाभर पडते."

ज्या बाईने हे सगळं उभं केलं तिला तिच्याच दारात अडवायचं? आणि नाही अडवलं तर बेचाळीस गाई.

"आई, तिथेच थांबा," मी म्हणाले. आवाज माझाच होता, शब्द त्यांचे. "दहा पावलं मागे."

त्या बघतच राहिल्या. वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण त्यांनी कडीवरचा हात काढला आणि मागे जायला लागल्या. मी पंपाच्या खोलीत गरम पाणी, साबण आणि धुतलेलं लुगडं ठेवायला सांगते, असं काहीबाही बोलत होते. बोलताना माझी मान खाली होती, चुन्याच्या रेघेकडे.

दहाव्या पावलावर त्या थांबल्या.

"त्या दिवशी तो मागे जात होता ना, तेव्हा मी त्याच्याकडे बघितलंच नाही," त्या म्हणाल्या. "तू तरी बघ माझ्याकडे."